नळाला नाही पाणी, आणि दारात बोट!

धरणात गाळ साठतो तसे मंडळात किस्से साठतात. फरक एवढाच, की गाळ काढायचं निदान टेंडर तरी निघतं. किस्से आपले तळाशी बसून राहतात. मग एखाद्या लग्नात, हातात ताट घेऊन उभं असताना कोणीतरी विचारतं, "काय हो, तुमच्या त्या बोटीचं पुढं काय झालं?" आणि मी तोंड उघडतो. बायको लगेच पलीकडच्या टेबलावर जाऊन बसते. तिचं सगळं ऐकून झालंय.

मी विलास. सोलापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या, बोअरच्या, जळलेल्या-कुजलेल्या सगळ्या मोटारी माझ्याकडं येतात. शिवाय मी आमच्या जलविहार मंडळाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याचा नंबर पाटीवर छापतात आणि ज्याला कोणी काही विचारत नाही, तो माणूस. अध्यक्ष वकील रणदिवे. हे कोर्टात कमी आणि कोर्टाबाहेर जास्त बोलतात. खजिनदार श्रीनिवास, म्हणजे आमचा शिन्नू. टॉवेलचा कारखाना, घरात तेलुगू, दारात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. सल्लागार इनामदारसाहेब. धरणाच्या खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, तासाला एक वाक्य बोलणारे. माणसं चार आणि पदं पाच. पाचवं पद 'कमोडोर'. ते रणदिव्यांनी स्वतःकडंच ठेवलं. त्याचा अर्थ काय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात आणि आपण सोलापूरकर ते मोबाइलवर बघतो! लाज वाटली पाहिजे!" असं रणदिवे एका रविवारी म्हणाले. आम्हाला वाटली. लाज वाटली की माणूस काय वाट्टेल ते विकत घेतो.

* * *

बोट आली ट्रकवरून. सेकंडहँड, फायबरची, बारा माणसांची. शहरातल्या सात रस्ता चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तिथंच आमची मिरवणूक झाली. एक म्हातारा जवळ येऊन विचारतो, "कुठल्या पक्षाचं चिन्ह म्हणायचं हे?" कोपऱ्यावरचा पानवाला गादीवरून ओरडला, "क्या विलासभाई, कश्ती तो लाए, पानी कब लाते?"

बॅकवॉटरवर आमची जागा अजून तयार नव्हती. त्यामुळं बोट आठ दिवस माझ्या घरासमोर, गल्लीत. आता आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. त्या आठवड्यात ते गुरुवारी दुपारी आलं. मी जेवायला घरी आलो तर गल्लीतल्या सगळ्या पाइपा एकमेकींना जोडून बोटीत सोडलेल्या! बोट काठोकाठ भरलेली. बोटीच्या बाहेर पाणी असतं हो, आत असलं तर बुडाली म्हणतात.

"भावजी, एवढं मोठं भांडं रिकामं ठेवायचं म्हणजे जिवावर येतं बघा," शेजारच्या कांबळेवहिनी म्हणाल्या.

नेमके तेवढ्यात रणदिवे आले. सोबत गुरुजी, हातात नारळ, बोटीची पूजा करायला. गुरुजींनी बोट बघितली, पाणी बघितलं आणि पंचांग बंद केलं. रणदिवे मात्र मागं हटणारे नव्हेत. त्यांनी हात वर केला, आता नारळ बोटीच्या नाकावर आपटणार, तोच कांबळेवहिनी मध्ये आल्या.

"ओ वकीलसाहेब, इथं नका फोडू! फडकं लावून गाळून भरलंय आम्ही. प्यायचं पाणी आहे ते!"

* * *

बोट चालवायला माणूस हवा होता. आमचा धक्का ज्या गावाला आहे ते नवं गाव. नवं म्हणजे जुनं गाव धरणात गेल्यावर वर माळावर वसलेलं. नवं होऊन पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली, तरी अजून नवंच म्हणतात. तिथं ज्याला विचारावं तो एकच नाव सांगायचा. गेनबा.

गेनबा साठीच्या जरा अलीकडचा. जन्म मासेमारीत गेलेला, पण उजवा खांदा निकामी झाल्यामुळं जाळं ओढवत नव्हतं. "बोट येते का चालवायला?" रणदिव्यांनी विचारलं. "बसून बगा की," गेनबा म्हणाला. मुलाखत संपली.

पहिल्याच फेरीला रणदिव्यांनी समोरचं बेट दाखवलं. "ते बघ पक्षी. सरळ घे." गेनबानं बोट उजवीकडं घेतली. मग डावीकडं. मग एक अर्धा वळसा घातला. रणदिवे तापले. "अरे सरळ घे की! सगळं पाणीच आहे!"

"सरळ न्हाय जमत. मदी चावडी हाय."

आम्ही सगळ्यांनी पाण्याकडं बघितलं. नुसतं पाणी. "कुठाय चावडी?" शिन्नूनं विचारलं.

"खाली."

मग कळलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती बोटीला खालून लागतात. म्हणून गेनबा बारा महिने बुडालेल्या गावाच्या गल्ल्यांतूनच बोट नेतो. चावडीपासून उजवीकडं, सुतारआळीतून पुढं, मारुतीच्या देवळाला वळसा. देवळाशी आला की पायातली चप्पल काढून ठेवतो. इनामदारसाहेबांनी मोबाइलवर नकाशा उघडला होता. नकाशात सगळं निळं. त्यांनी तो बंद करून खिशात घातला, आणि त्या तासाचं त्यांचं एक वाक्यसुद्धा शिल्लक राहिलं.

शिन्नूला भलताच उत्साह. "आणि आता आपण कुठं आहोत बे?"

"शाळंत."

"अरे वा! कितवीपर्यंत शिकलास?"

"चौथी. पाचवीला जायाचं तर शाळंत पानी आलं."

शिन्नूनं हळूच पायातले बूट काढून ठेवले. 

* * *

दोन वर्षं झकास गेली. मग परवान्याच्या ऑफिसातून कागद आला. प्रवासी बोट चालवणाऱ्याकडं परवाना पाहिजे. पोहण्याची परीक्षा, तोंडी परीक्षा, अनुभवाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. मुदत सहा महिने. नाहीतर बोट बंद.

मी कागद गेनबाला वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विलासराव, खांदा गेलाय. जाळं वडवत न्हाय. आता ह्या वयात मला दुसरं काय येतंय, तुमीच सांगा." मी कागद परत पहिल्यापासून वाचायला घेतला.

रणदिव्यांना मात्र लगेच सुचलं. त्यांचा भाचा चिन्मय. वय चोवीस, तीन डिप्लोमे अर्धे सोडलेले. त्याला त्यांनी सात दिवसांच्या कोर्सला गोव्याला पाठवला. त्या कोर्सचं सर्टिफिकेट असलं की परवान्याच्या परीक्षा माफ. "प्रोफेशनॅलिझम पाहिजे विलास. मुदतीच्या आत गेनबाचा परवाना आला तर आला, नाहीतर पहिल्या तारखेपासून चिन्मय!"

आला की चिन्मय! पांढरी टोपी, पांढरे बूट, काळा चष्मा, गळ्यात शिट्टी आणि हातात लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट. तारखेआधी सराव म्हणून पहिल्या दिवशी पाहुण्यांना बसवून त्यानं अर्धा तास माहिती दिली. डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड, घाबरायचं नाही, उभं राहायचं नाही. मग ऐटीत इंजिन चालू केलं. इंजिन गुरगुरलं, मागं फेस आला, बोट जागची हलेना. आणखी जोर दिला. धूर निघाला. बोट तिथंच. "इंजिनमध्ये फॉल्ट आहे!" चिन्मयनं जाहीर केलं. "मेंटेनन्स कोणाकडं आहे?" माझ्याकडं होता. मी हातात पाना घेऊन वाकलो.

गेनबा काठावरच्या दगडावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "दोर सोडू का, साहेब?"

* * *

एवढ्यावर थांबतील ते रणदिवे कसले! त्यांनी चिन्मयचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम बोटीत ठेवला. म्हणजे मुलगी बोटीत, मुलगा स्टेअरिंगवर. "इम्प्रेशन पडतं," म्हणाले. मुलगी करकंबची, बागायतदाराची, बीएस्सी अ‍ॅग्री. आई-वडील, मामा, मावशी सगळे लाइफ जॅकेट घालून ओळीनं बसले. मावशींनी जॅकेटवरून पदर घेतला होता. गेनबाला 'आज सुट्टी' म्हणून सांगितलेलं.

चिन्मय सरळ निघाला. सरळच! आणि मध्येच बोटीला हिसका बसला. मागं बघतो तर काठावरून एक शेतकरी धोतर सावरत पळत येतोय. "ए! माझी मोटार घिऊन कुटं चाललाय रं?" उसाला पाणी द्यायला काठाकाठानं मोटारी पाण्यात सोडलेल्या असतात. त्यातल्या एका मोटारीचा दोर आमच्या पंख्यात अडकला होता आणि चिन्मय दहा हॉर्सपॉवरची मोटार पाइपासकट ओढत पक्षी दाखवत होता. मग बोट कशाला तरी घासली आणि तिरकी होऊन थांबली.

चिन्मय शिट्टी वाजवायला लागला. शिट्टी काढली की "मेडे! मेडे!" म्हणायचा; मदतीसाठी असंच ओरडायचं, हे कोर्सात शिकवलेलं. मुलीच्या मावशीनं घाबरून विचारलं, "काय म्हणतात हो ते? मंत्र आहे का?"

"मग उडी मारून दोर सोडवा की," मुलगी म्हणाली.

"मला... पोहण्याचा मॉड्यूल पुढच्या लेव्हलला आहे," चिन्मय म्हणाला.

मुलीनं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ उडी मारली. विहिरीत पोहायला शिकलेली पोरगी ती. मावशी किंचाळली. पण मुलगी पाण्यात उभी! पाणी कमरेएवढं. बोट चावडीच्या कट्ट्यावर चढली होती. "उतरा सगळे," मुलगी म्हणाली, "खाली दगड आहेत, पाय जपून ठेवा." तिनंच दोर सोडवला. मोटार जळली होती. ती माझ्याकडंच आली, हा त्यातल्या त्यात फायदा.

आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांचा निरोप आला. अतिशय सभ्य माणूस. "मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. पण आम्ही कोरडवाहूतला बघतोय."

तुम्हाला वाटेल आता तरी रणदिवे नमतील. छे! "अनुभवानं शिकेल तो. सर्टिफिकेट आहे त्याच्याकडं. गेनबाकडं काय आहे?" असं भर मीटिंगमध्ये म्हणाले. मला इतका राग आला की मी मिनिट्स लिहिलीच नाहीत.

* * *

गेनबाकडं काय आहे, हे शोधायला आम्ही बसलो. अनुभवाचा पुरावा म्हणून बोट चालवतानाचा फोटो लागत होता. दोन वर्षांत आमच्या बोटीत शेकडो फोटो निघालेले. पाहुण्यांचे, पक्ष्यांचे, रणदिव्यांचे, रणदिव्यांच्या चष्म्यात दिसणाऱ्या पक्ष्यांचे. शिन्नूनं सगळे तपासले. गेनबा एकाही फोटोत नाही! कुठं कोपर, कुठं गुडघा, कुठं टोपीचं टोक.

याला कारण प्री-वेडिंगवाले. हल्ली लग्न ठरलं की पहिल्यांदा बोट ठरते. पुण्याचा फोटोग्राफर येतो, मुलगी लांबलचक लाल गाऊन घालते आणि फोटोग्राफर पहिलं वाक्य म्हणतो, "काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय." मग गेनबा वाकतो. "अजून येताय, काका." मग गेनबा बोटीच्या तळाशी आडवा झोपतो आणि एक हात वर करून स्टेअरिंग धरतो. झोपल्यावर त्याला दिसतं फक्त आभाळ. म्हणून तो नवरदेवाला सांगून ठेवतो, "डाव्या अंगाला वाळल्यालं झाड दिसलं की आवाज द्या."

अशी एक फिल्म फार गाजली. ड्रोन पाण्यालगत उडत येतो, समोर एकटी बोट, चालवणारा कोणी नाही, नवरा नवरीच्या कानाशी ओठ नेऊन काहीतरी कुजबुजतो आणि ती लाजून हसते. लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवली तेव्हा बायकांनी डोळे पुसले. प्रत्यक्षात तो म्हणत होता, "झाड आलं! काकांना सांग, झाड आलं!"

शेवटी मी त्याच नवरदेवाला फोन केला. भला पोरगा. त्यानं स्टॅम्पपेपरवर लिहून पाठवलं, 'आमच्या प्री-वेडिंगच्या वेळी बोटीच्या तळाशी झोपलेला इसम हाच असून बोट तोच चालवत होता.' ऑफिसनं तो पुरावा मान्य केला. सरकारी काम अशा वेळी मला फार आवडतं.

* * *

पोहण्याची परीक्षा शहरातल्या एका स्विमिंग टँकवर. तिथले कोच म्हणाले, टोपी घालायची. गेनबा म्हणाला, हाय की टोपी. ती नव्हे, रबरी. रबरी टोपी त्याच्या डोक्यावर चढवायला मी आणि शिन्नू दोघं लागलो. भुवया वर ओढल्या गेल्या आणि गेनबा कायमचा आश्चर्यचकित दिसायला लागला. मग कोच म्हणाले, आधी शॉवर घ्या.

"आंगुळ करून आलोय."

"नियम आहे."

"पान्यात जायाच्या आदी पानी घ्यायचं?" गेनबानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं घेतलं.

"आता या टोकापासून त्या टोकापर्यंत," कोच म्हणाले. गेनबानं सूर मारला आणि गायब. वर येईचना. कोचनी घड्याळ बघितलं, मग शिट्टी वाजवली, मग बूट काढायला लागले. शिन्नू "अय्यो, अय्यो" करत काठानं पळत सुटला. आणि पार त्या टोकाला गेनबा वर आला. एका हातात कानातलं, एक गॉगल. दुसऱ्या हातात काहीतरी गुलाबी.

"ही कवळी कुनाची हाय? तळाला लई दिस पडल्याली दिसती."

काठावरच्या खुर्चीतल्या एका वयस्कर सभासदानं एका हातानं तोंड झाकून दुसरा वर केला.

तोंडी परीक्षेची तयारी इनामदारसाहेबांनी करून घेतली. दोन महिने, दर रविवारी, धक्क्यावरच्या लिंबाखाली. साहेबांनी पुस्तक वाचायचं, गेनबानं हूं म्हणायचं. साहेब खुर्चीत आणि गेनबा पायरीवर. वर बस म्हटलं तरी बसायचा नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, एवढा त्रास कशाला घेताय?" तर म्हणाले, "येतंय त्याला सगळं. फक्त कागदावर येत नाही." साहेबांच्या मानानं हे भाषणच झालं.

परीक्षा घेणाऱ्यानं विचारलं, "प्रवासी पाण्यात पडला तर पहिल्यांदा काय करणार?" मी दाराबाहेर कान लावून उभा. पुस्तकातलं उत्तर होतं, इंजिन बंद करून रिंग फेकणार.

"पडू देनार न्हाय," गेनबा म्हणाला.

"समजा, पडलाच."

"कोन हाय त्यो?"

"कोणी का असेना!"

"तसं कसं, साहेब? इंजिन तर बंद करायचंच, रिंग बी टाकायची. पन बाई आसंल तर आदी साडी बगाया लागती, पंख्यात जाती. प्वार आसंल तर आदी त्याच्या आईला धरून ठिवाया लागतं. आन वकील आसंल तर आदी गप बस म्हनाया लागतं. बोलता बोलता पानी जातं त्वांडात!"

गेनबा पास झाला. रणदिव्यांना आम्ही निकाल सांगितला, उत्तर सांगितलं नाही.

* * *

आणि मग अडलं पत्त्यावर. मुदत संपायला दोन दिवस बाकी!

झालं होतं असं. गेनबाचा एकमेव जुना कागद म्हणजे चौथीचा शाळेचा दाखला. त्यावर पत्ता जुन्या गावातला. नव्या गावात तो राहतो ते घर आहे, पण त्याचा कागद नाही; आणि नुसतं आधारकार्ड ऑफिसला चालत नव्हतं. वडील ऑफिसात खेटे घालून घालून गेले, प्लॉट काही नावावर झाला नाही. म्हणजे ज्या घराचा कागद आहे ते घर पाण्यात, आणि जे घर पाण्याबाहेर आहे त्याचा कागद नाही. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना. गेनबानं दाखल्याप्रमाणं जुना पत्ता लिहून दिला होता. ऑफिस म्हणालं, पत्त्याची प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल.

पाहणीला आलेला अधिकारी तरुण होता. नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. अतिशय प्रामाणिक. म्हणजे सगळ्यात अवघड. "मी स्वतः घर पाहिल्याशिवाय शेरा मारणार नाही. इथला पत्ता असेल तर घरही असेलच ना?" धक्क्यावर चिन्मय पांढरी टोपी घालून उभाच होता. रणदिव्यांनी घड्याळात बघितलं आणि खिन्न चेहरा केला. तो त्यांना चांगला जमतो, कोर्टात रोज करतात. गेनबाची बायको मला सकाळीच म्हणाली होती, "दोन दिस झालं, नुसता च्या पितोय. घास उतरना त्याला." 

गेनबा म्हणाला, "चला की, साहेब. लांब न्हाय."

अधिकारी, रणदिवे, इनामदारसाहेब, शिन्नू आणि मी बोटीत बसलो. गेनबानं चावडीपासून उजवीकडं घेतलं, सुतारआळीतून गेला, मग एका ठिकाणी बोट हळू केली आणि इंजिन बंद केलं. चारही बाजूंना पाणी.

"आलं, साहेब. उतरा."

अधिकाऱ्यानं कठडा धरून खाली बघितलं. "कुठंय घर?"

"ह्ये काय. तुमी आंगनात हाय."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो खरोखरच प्रामाणिक निघाला. त्यानं फॉर्म उघडला, मांडीवर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं.

"दार कोणत्या दिशेला?"

"उगवतीला."

"खोल्या?"

"दोन. आन म्हागं गोटा."

"घर कच्चं की पक्कं?"

"तुमच्या जन्माच्या आदीपास्नं पान्यात हाय. गेल्या दुष्काळात पानी उतरलं तवा बगून आलोय, भित जाग्यावर हाय. पक्कं लिवा."

त्यानं पक्कं लिहिलं. मग शेवटचा रकाना वाचून तो थांबला. "हे घर प्रत्यक्ष पाहिलेल्या एका जबाबदार व्यक्तीची सही लागेल. तुमच्यापैकी कोणी पाहिलंय?"

"हेच तर!" रणदिवे म्हणाले. "जुन्या गावातली जाणती माणसं कधीच गेली. आता असा साक्षीदार आणायचा कुठून? सॉरी गेनबा. कायद्यापुढं इलाज नाही."

अधिकाऱ्यानं पेनला टोपण लावलं. गेनबा पाण्याकडं बघत बसला. शिन्नूनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी काळानिळा पडला होता.

"द्या इकडं तो कागद," इनामदारसाहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही पाहिलंय हे घर?"

"नोकरीचं पहिलं वर्ष होतं माझं. धरणात जाणाऱ्या घरांची मापं घ्यायला मला या गावात पाठवलं होतं. आठ दिवस होतो." साहेबांनी खिशातून चष्मा काढला. तो लावायला त्यांना बराच वेळ लागला. "दार पूर्वेला. दोन खोल्या. मागं गोठा. हे घर मी मोजलंय."

 अधिकाऱ्यानं पेनचं टोपण परत काढून पेन साहेबांपुढं धरलं. साहेबांनी सही केली. अक्षर सुवाच्य आलं. अधिकाऱ्यानं खाली शेरा लिहिला, शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं. उद्या येऊन परवाना घेऊन जा." शिन्नूनं उठून गेनबाला मिठीच मारली. बोट अशी डुलली, की रणदिव्यांनी चटकन दोन्ही हातांनी बाक धरलं.

गेनबानं डोळे पुसले आणि इंजिन चालू केलं. अधिकारी फाइल पिशवीत घालत होता. जाता जाता सहज विचारावं तसं त्यानं इनामदारसाहेबांना विचारलं, "साहेब, त्या काळी काही साधनं नव्हती. एवढी घरं तुम्ही एकट्यानं मोजलीत?"

"एकट्याला कसं मोजता यील?" गेनबा समोर बघत म्हणाला. "आमच्या घरात फितीचं दुसरं टोक मी धरलं हुतं की."